रेडिएटरची हवा काढूनही गुडगुड परत येते तेव्हा

ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि त्याच सुमारास घरोघरी हीटिंग लागतं. उन्हाळाभर गप्प असलेले रेडिएटर मग बोलायला लागतात. शेजारी, ऑफिसातला मित्र, व्हॉट्सॲपचा ग्रुप, सगळ्यांचा सल्ला एकच असतो: हवा काढा. हवा काढली की पंधरा दिवस शांतता असते, मग पुन्हा गुडगुड. हे लिखाण त्या 'पुन्हा'बद्दल आहे.

गॅस बॉयलर, तांब्याचे किंवा प्लॅस्टिकचे पाइप आणि भिंतीवर पोलादी पत्र्याचे रेडिएटर, ही ब्रिटिश घरांतली नेहमीची मांडणी इथे धरली आहे. अमेरिकेतल्या काही जुन्या इमारतींत वाफेवरचे रेडिएटर असतात. त्यांची दुखणी निराळी, ती इथे नाहीत.

आधी कान, मग पाना

आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, यावरून जास्त कळतं. हीटिंग लागल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं टक्... टक्... येतं, मध्ये शांत, आणि बंद झाल्यावर पुन्हा टक्... टक्... असं असेल तर हवेचा काही संबंध नाही. पाइप तापून लांबतायत आणि निवताना आखडतायत. हीटिंग चालू आहे तोवर माठात तांब्या बुडवल्यासारखी गुडगुड किंवा ओहोळासारखी खळखळ येत असेल तर आत वायू साठलाय. खोली तापत आली की एकाच रेडिएटरवर धडधडधड असे जलद ठोके पडत असतील तर त्याचा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह, म्हणजे खोलीच्या तापमानाप्रमाणे उघडझाप करणारा टीआरव्ही, तपासा. सूंऽऽ असा आवाज किंवा बारीक शिट्टी आली तर पाण्याचा वेग जास्त आहे. आणि रेडिएटर शांत असून बॉयलरच उकळी फुटायच्या आधीच्या बंबासारखा घुमत असेल, तर ते प्रकरण वेगळं. त्यावर पुढे येऊ.

आवाजाची नेमकी जागा शोधायला लांब स्क्रूड्रायव्हर पुरतो. टोक पाइपला किंवा व्हॉल्व्हला टेकवा, मूठ कानामागच्या हाडावर ठेवा. लाकडी फरशीखाली आवाज फार फिरतो. बेडरूमच्या रेडिएटरचा वाटणारा ठोका बऱ्याचदा जिन्याच्या माथ्यावरच्या फळ्यांखालून येत असतो.

मग रेडिएटर तापल्यावर हात लावून पाहा. वरची कड गार आणि खालचा भाग गरम असेल तर वर वायू आहे. वर गरम आणि खाली मधोमध गार पट्टा असेल तर गाळ बसलाय. परत परत हवा धरणाऱ्या घरात ही दोन्ही लक्षणं एकत्र सापडतात. ती एकत्र का येतात, तेच या दुखण्याचं मूळ आहे.

हवा काढताना होणाऱ्या चुका

हीटिंग बंद करा आणि अर्धा तास थांबा. पंप चालू असताना स्क्रू उघडला तर काही जुन्या व्यवस्थांत हवा बाहेर पडायच्या ऐवजी आत ओढली जाते, शिवाय पाणी भाजण्याइतकं गरम असतं. सगळे टीआरव्ही पूर्ण उघडे ठेवा. खालच्या मजल्यापासून सुरुवात करा. चौकोनी तोंडाची चावी लावून वरच्या कोपऱ्यातला स्क्रू डावीकडे पाव, फार तर अर्धा फेरा सोडा. पूर्ण काढू नका, तो हातातून निसटला तर आतलं पाणी थांबवता येत नाही. खाली जुनं फडकं आणि वाटी धरा, कारण हे पाणी काळं असलं तर कार्पेटवरचा डाग जात नाही. फुस्स थांबून पाण्याची सलग धार आली की बंद करा, पण जोर लावून नाही. पितळेच्या बारीक स्क्रूची टोकं लवकर झिजतात.

जवळ पेटती मेणबत्ती, उदबत्ती किंवा सिगारेट नको. आत हवाच असेल असं नाही, हायड्रोजनही असू शकतो.

सर्व रेडिएटर झाले की बॉयलरचा प्रेशरचा काटा बघा. थंड असताना तो १ ते १.५ बारवर असावा (बार हे प्रेशरचं माप). कमी असेल तर फिलिंग लूपमधून, म्हणजे बॉयलरखालच्या जाळीच्या नळीतून, हळूहळू पाणी भरा आणि दोन्ही टोकांचे नळ बंद करा. एक नळ जरा उघडा राहिला तर प्रेशर चढत जातं आणि ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर सोडायला लागतो.

व्यवस्था नुकतीच रिकामी करून पुन्हा भरली असेल, तर पहिल्या एकदोन आठवड्यांत दोन-तीनदा हवा निघणारच. ताज्या पाण्यात विरघळलेली हवा ते तापलं की सुटते. त्यानंतरही निघत राहिली तर मात्र ती येते कुठून, हे शोधायला लागतं.

पंधरा दिवसांत परत आली तर

बॉयलरवर प्रेशरचा काटा आहे का बघा. असेल तर व्यवस्था बंद, म्हणजे सील्ड. काटा नाही आणि लॉफ्टमध्ये मोठ्या टाकीशेजारी एक छोटी टाकी आहे, तर ती उघडी व्यवस्था. तपासाच्या वाटा इथे फुटतात.

सील्ड व्यवस्थेत आतलं प्रेशर बाहेरच्यापेक्षा जास्तच असतं. तिच्यात सहसा हवा शिरत नाही, पाणी बाहेर जातं. म्हणून पहिला प्रश्न असा की काटा उतरतो का? बॉयलरवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि आठवडाभर रोज सकाळी, हीटिंग लागायच्या आधी, आकडा आणि तारीख लिहा. गरम बॉयलरचा आकडा थंड बॉयलरच्या आकड्याशी ताडून उपयोग नाही, कारण चालू असताना काटा २ बारच्या आसपास जाणं स्वाभाविक आहे.

काटा उतरत असेल तर तुम्ही वरचेवर पाणी भरत असणार, आणि घोळ तिथेच होतो. नळाच्या प्रत्येक भरण्याबरोबर ताजा ऑक्सिजन आत जातो, पोलादी पत्रा गंजतो, गंजाचा गाळ होतो. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये पाणी जड असल्याने प्रत्येक वेळी थोडे क्षारही आत जातात. एकदा भरलेल्या पाण्यातले क्षार नगण्य असतात, पण दर आठवड्याला अर्धा बार चढवत राहिलं की बॉयलरच्या आत पापुद्रा जमतो. म्हणजे आवाज घालवायला हवा काढली, प्रेशर पडलं म्हणून पाणी भरलं, आणि त्या पाण्यानेच पुढच्या आवाजाची सोय केली. महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा भरावं लागत असेल तर भरणं थांबवून गळती शोधा.

गळती बहुतेक वेळा दिसत नाही, कारण गरम पाइपवर थेंब जागीच सुकतो. मागे राहतं ते हिरवट-पांढरं खरबरीत कवच. प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही व्हॉल्व्हच्या नटभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी ओला भाग दिसतो. लॉकशील्डच्या, म्हणजे टोपी असलेल्या दुसऱ्या व्हॉल्व्हच्या दांड्याशी ओल असेल, तर तिथला बारीक ग्लँड नट आठवा भाग फेरा आवळून बघा. मोठा नट आवळायचा असेल तर एका पान्याने व्हॉल्व्हचं अंग धरून ठेवा, दुसऱ्याने नट फिरवा. एकच पाना लावून जोर दिला तर खालचा पाइप पिळवटतो आणि गळती फरशीखाली जाते.

मग घराबाहेर जा. बॉयलरजवळच्या भिंतीतून तांब्याचा १५ मिलिमीटरचा पाइप बाहेर येऊन तोंड भिंतीकडे वळवून असतो. त्याखाली भिंतीवर ओघळ असेल तर सेफ्टी व्हॉल्व्ह गळतोय. त्याच्या जोडीला काटा गरम झाल्यावर ३ कडे आणि थंड झाल्यावर शून्याकडे पळत असेल, तर एक्स्पान्शन व्हेसल गेलंय. या डब्यात रबरी पडद्यामागे हवा भरलेली असते आणि तापून फुगलेल्या पाण्याला ती जागा देते. हवा निघून गेली की फुगवटा सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो. कॉम्बी बॉयलरमध्ये, म्हणजे नळाचं गरम पाणीही थेट देणाऱ्या बॉयलरमध्ये, हे व्हेसल बहुधा केसच्या आतच असतं, त्यामुळे ते काम इंजिनियरचं.

कुठेच ओल सापडत नसेल तर एक चाचणी आहे. बॉयलर थंड होऊ द्या, त्याची वीज बंद करा आणि खालचे हीटिंगचे दोन्ही आयसोलेशन व्हॉल्व्ह, म्हणजे बॉयलर घरातल्या पाइपांपासून तोडणारे नळ, रात्रभर बंद ठेवा. काटा बॉयलरच्या बाजूला असतो. सकाळी तो उतरलेला असेल तर गळती बॉयलरच्या आत आहे. स्थिर असेल आणि व्हॉल्व्ह उघडताच पडला, तर घरातल्या पाइपांत आहे. व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय वीज चालू करू नका. गळती बुजवणारं रसायन मिळतं, पण पहिला उपाय म्हणून ते ओतू नये. एवढी चाचणी केली असेल तर इंजिनियरचा निम्मा वेळ वाचतो.

आता उलट बाजू. काटा महिनाभर हलत नाही, तरी वरच्या मजल्यावरच्या एकाच रेडिएटरमध्ये दर दोन-तीन आठवड्यांनी वायू साठतो. बाहेरून काही आलेलं नाही म्हणजे तो आतच तयार होतोय. पाण्यातला ऑक्सिजन संपला तरी पोलाद गंजायचं थांबत नाही. लोखंड आणि पाणी यांच्यातून काळं मॅग्नेटाइट बनतं आणि हायड्रोजन सुटतो. मॅग्नेटाइट खाली बसतं, हायड्रोजन वर चढतो. वर गार आणि खालीही गार, हे कोडं असं सुटतं. अशा घरात हवा काढत राहणं म्हणजे होडीत भोक असताना नुसतं पाणी उपसत बसणं.

खात्री करायला काचेच्या बरणीत थोडं पाणी काढा. शाईसारखं काळं असेल आणि बाहेरून चुंबक फिरवल्यावर काळी रेघ काचेपाशी सरकत येत असेल तर मॅग्नेटाइट. नारिंगी-तपकिरी असेल तर कुठून तरी ताजा ऑक्सिजन येतोय, म्हणजे परत गळतीकडे वळा.

उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी सफाईचं रसायन घाला, बाटलीवर लिहिलेले दिवस हीटिंग नेहमीसारखं चालवा, मग सगळं पाणी काढून स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि शेवटी इनहिबिटर घालून भरा. इनहिबिटर म्हणजे गंजरोधक. कंपनीप्रमाणे साधारण १०० लिटर पाण्याला अर्धा ते एक लिटर लागतो, आठ-दहा रेडिएटरच्या घराला तेवढा पुरतो. नेमका आकडा बाटलीवरचा धरा. गाळावर नुसता इनहिबिटर ओतून फार काही साधत नाही. मॅग्नेटिक फिल्टर, म्हणजे चुंबकाने गाळ धरून ठेवणारा डबा, असेल तर रसायन घालायची सोपी जागा तीच: दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद करून तो रिकामा करा, त्यात ओता, झाकण लावून उघडा. फिल्टर नसेल तर बॉयलरकडे परतणाऱ्या पाइपवर तो बसवून घ्या आणि वर्षातून एकदा साफ करा.

एक-दोनच रेडिएटरमध्ये गाळ असेल तर ते उतरवून बाहेर अंगणात नळीने धुणं स्वस्त पडतं. लॉकशील्ड बंद करताना किती फेरे झाले ते लिहून ठेवा, परत तेवढेच उघडायचे आहेत. टीआरव्हीचं डोकं नुसतं शून्यावर किंवा हिमचिन्हावर ठेवून भागत नाही. खोली खूप गारठली की तो आपोआप उघडतो आणि भिंतीवर रेडिएटर नसताना पाणी थेट कार्पेटवर येतं. डोकं काढून त्याजागी व्हॉल्व्हबरोबर मिळणारी प्लॅस्टिकची टोपी घट्ट बसवा. दुहेरी पॅनेलचा मीटरभर लांबीचा रेडिएटर उचलायला दोघं लागतात आणि तो तिरका झाला की उरलेलं काळं पाणी ओतलं जातं. न्यायच्या आधी भोकांत कागदाचे बोळे कोंबा.

उघड्या व्यवस्थेत आधी लॉफ्टमधली छोटी टाकी बघा. तळाशी हातभर नव्हे, पण चार बोटं तरी पाणी हवं. कोरडी असेल तर तरंगणाऱ्या गोळ्याचा व्हॉल्व्ह अडकलाय आणि व्यवस्था हवा पितेय. उलट हीटिंग चालू असताना टाकीतलं पाणी कोमट लागलं किंवा वरून आकड्यासारख्या वळलेल्या पाइपातून पाणी पडताना दिसलं, तर पंप पाणी वर फेकतोय आणि तिथून हवा मिसळून खाली येतेय. त्याचं नेहमीचं कारण म्हणजे टाकीतून येणारा १५ मिलिमीटरचा पाइप मुख्य पाइपला मिळतो तिथे गाळाने बुजलेला असतो. तांब्याला चुंबक चिकटत नाही. त्या जोडावर चुंबक धरून बघा, चिकटला तर आत मॅग्नेटाइट ठासलेलं आहे. तेवढा तुकडा कापून नवा घालावा लागतो.

टकटक

तांब्याचा १० मीटर पाइप ५० अंशांनी तापला की साधारण साडेआठ मिलिमीटर लांबतो. तुळईच्या खाचेत तो घट्ट बसला असेल तर सरकताना अडतो, सुटतो, अडतो. प्रत्येक सुटण्याला एक टक्. आधी बॉयलरवर हीटिंगचं तापमान ७५ वरून ६० अंशांवर आणून बघा. टकटक कमी झाली तर निदान पक्कं, आणि कंडेन्सिंग बॉयलर, म्हणजे धुरातली उष्णताही वापरणारा नवा प्रकार, असेल तर गॅसही वाचतो. मात्र गरम पाण्याचं वेगळं सिलिंडर असेल तर बॉयलर इतका खाली आणू नका. लिजिओनेला जंतूंमुळे साठवलेलं पाणी ६० अंशांपर्यंत तापायला हवं आणि त्यासाठी बॉयलर त्याहून थोडा वर लागतो.

मग पाइप फरशीतून वर येतो ती भोकं बघा. लाकडाला टेकत असेल तर भोक किंचित मोठं करा. खाचेतल्या पाइपखाली नमद्याची पट्टी सरकवा. ती नसली तर दुधाच्या प्लॅस्टिक बाटलीतून कापलेली पट्टीही चालते, इथले प्लंबर सर्रास वापरतात. फळी परत ठोकताना खिळा पाइपवर येणार नाही एवढं सांभाळा. रेडिएटरच्या ब्रॅकेटवर प्लॅस्टिकचे खाचे असतात. ते हरवले असले तर पत्र्यावर पत्रा घासून तोच आवाज येतो.

ठोके आणि शिट्टी

धडधड करणारा टीआरव्ही पूर्ण उघडा. आवाज थांबला आणि २-३ वर आणल्यावर परत आला, तर पाणी त्यातून उलट्या दिशेने जातंय. अर्धवट मिटलेली चकती प्रवाहाने ओढून बंद होते, उघडते, बंद होते. हीटिंग लागल्यावर दोन मिनिटांत त्या रेडिएटरचा कुठला पाइप आधी तापतो ते हाताने बघा आणि व्हॉल्व्हवरच्या बाणाशी जुळवा. जुन्या व्हॉल्व्हवर एकच बाण असतो. दोन्ही दिशांना चालणारा नवा व्हॉल्व्ह बसवणं हा सरळ मार्ग. नुसतं वरचं डोकं बदलून काही होत नाही.

शिट्टी संध्याकाळी, बहुतेक टीआरव्ही मिटल्यावर येत असेल तर उरलेल्या वाटेवर सगळा पंप ओततोय. पंपाला तीन वेग असतील तर ३ वरून २ वर आणा. नव्या पंपाला दाबानुसार जुळवून घेणारा मोड असतो. ऑटोमॅटिक बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे वाटा मिटल्या की जादा पाणी परस्पर वळवणारा व्हॉल्व्ह, असेल तर तो नीट लावलाय का हेही बघून घ्या. एकाच रेडिएटरची शिट्टी असेल तर त्याचं लॉकशील्ड फार मिटलेलं असतं. पाव फेरा उघडा आणि बाकीचे त्याप्रमाणे जुळवा: बॉयलरजवळचे थोडे मिटलेले, लांबचे जास्त उघडे. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांच्या तापमानातला फरक सगळीकडे सारखा हवा, जुन्या बॉयलरला ११-१२ अंश, कंडेन्सिंगला २० च्या जवळ. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत तांब्यावर खोटा आकडा दाखवतो. पाइपवर काळी इन्सुलेशन टेप लावून त्यावर नेम धरा.

बॉयलरच घुमत असेल तर

हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे ज्वाळेची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागावर, क्षार किंवा गाळ बसला की त्याखाली पाणी जागच्या जागी उकळतं आणि वाफेचे बुडबुडे फुटतात, तो हा आवाज. काटा, फिल्टर आणि आयसोलेशन व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत की नाहीत, एवढं तुम्ही बघू शकता. बॉयलरचं केस उघडायचं नाही. गॅसचं काम 'गॅस सेफ' या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या माणसानेच करायचं असा कायदा आहे. आला की त्याचं ओळखपत्र मागा, कुठली कामं करायची परवानगी आहे ते मागच्या बाजूला छापलेलं असतं.

भाड्याच्या घरात असाल तर फिल्टर, फ्लश, व्हेसल यांवर खिशातले पैसे घालू नका. इंग्लंडमध्ये हीटिंगची व्यवस्था दुरुस्त आणि चालू ठेवणं ही १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या कलम ११ प्रमाणे घरमालकाची जबाबदारी आहे. फोनवर 'आवाज येतो' म्हटलं की 'हवा काढा' एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी टेपवरच्या तारखा-आकड्यांचा आणि बरणीतल्या काळ्या पाण्याचा फोटो ईमेलने पाठवा.